जुनं घर घेतलंय, परड्याचं रान झालंय : स्वतः साफ करणाऱ्यांसाठी धागा (कोल्हापूर)

गवतीचहा

नमस्कार मंडळी.

सानेगुरुजी वसाहतीजवळ आम्ही एक जुनं बैठं घर घेतलंय. आधीच्या मालकांची मुलं परगावी असल्यामुळं घर कित्येक वर्षं कुलपात होतं. आतलं काम गवंडी आणि प्लंबर बघतायत, त्याची काळजी नाही. हा धागा परड्यासाठी आहे. पुढं-मागं मिळून तीनेक गुंठे जागा, आणि ताब्यात घेतली तेव्हा फाटकापासून दारापर्यंत जायलासुद्धा कोयता लागत होता. पुढं काँग्रेस गवत कमरेएवढं, कडेनं घाणेरीची जाळी, मागं सुबाभळीचं बन, त्यावर गारवेल चढलेली आणि मागच्या दगडी भिंतीतनं पिंपळ बाहेर आलेला.

ज्याला विचारावं तो म्हणतो जेसीबी लावा, अर्ध्या दिवसात मैदान. आम्ही लावला नाही आणि लावणारही नाही. आमच्याकडं वर वीतभर काळी माती आणि खाली मुरूम आहे. बकेट एकदा फिरली की तणाबरोबर ती वीतभर माती ट्रॉलीत जाणार आणि हातात मुरूम राहणार. दुसरं म्हणजे जुन्या घराच्या परड्यात खाली काय आहे हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. सेप्टिक टाकी कुठं, पाण्याची लाईन कुठनं गेली, आड होता का, बुजवला का, नुसता फळ्या टाकून झाकला का. मशीनच्या वजनाखाली जुना स्लॅब बसला तर वर बसलेल्या ड्रायव्हरचं काय होईल याचा विचार करा.

म्हणून हातानं, शनिवार-रविवार, दिवाळीनंतर सुरू केलं. मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांचं आयुष्य शेतात गेलंय, त्यामुळं पद्धत त्यांची आहे. पहिल्यांदा काहीच तोडलं नाही. शेजारच्या आजींना बोलावलं आणि पूर्वी इथं काय काय होतं ते विचारलं. स्वयंपाकघराच्या मागं धुण्याचा दगड, त्याच्या डाव्या अंगाला टाकी, कोपऱ्यात सोनचाफा आणि अडुळसा, असं त्यांनी भराभरा सांगितलं. ते कागदावर काढून घेतलं आणि मग कोयता हातात घेतला.

तोडायला सुरुवात घराच्या भिंतीपासून केली, बाहेरच्या दिशेनं. आत जे काही सरपटणारं असेल त्याला मोकळ्या बाजूला जायला वाट राहते. बाहेरनं आत तोडत आलात तर ते सगळं तुमच्या घराच्या पायथ्याशी गोळा होतं. पहिली कापणी गुडघ्याएवढी उंच ठेवूनच करायची, म्हणजे खालची जमीन दिसते. काचा, तारा, पत्रे, खापऱ्या सगळं दिसलं की मग दुसऱ्या खेपेला जमिनीलगत. मुळं सगळ्यात शेवटी.

सध्या पुढची बाजू झाली आहे, मागं निम्मं राहिलंय. तीन ठिकाणी अडलोय : लव्हाळा, भिंतीतला पिंपळ, आणि निघालेल्या कचऱ्याचा डोंगर. अनुभवी लोकांनी लिहा. ज्यांना असंच काम काढायचं आहे त्यांनीही विचारा.

बावड्याचा_गडी

वहिनी, लई चांगलं केलासा जेसीबी लावला नाही ते. आमच्या कसबा बावड्यात एकानं लावला होता. रान गेलं खरं, पण पुढच्या पावसात आख्ख्या प्लॉटभर लव्हाळा. आधी एका कोपऱ्यात होता, बकेटनं सगळीकडं पेरला.

निसर्गवाट

काम सुरू आहे म्हणून सापांबद्दल आधी लिहितो, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

नाग, घोणस आणि मण्यार हे तिन्ही विषारी साप आपल्या शहराच्या कडेनं असतात. पडीक परड्यात सगळ्यात जपायचं ते घोणशीला. ती पाचोळ्यात पडून राहते, रंग पाचोळ्याचाच, आणि पळून जाण्यापेक्षा जागेवर थांबते. शिटी वाजायच्या आधी कुकर जसा फुसफुसतो तसा आवाज आला तर आहे तिथंच थांबा, आवाज कुठनं येतोय ते बघा आणि मग मागं सरका. मण्यार रात्रीची फिरते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून लोक झोपून जातात आणि तिथंच घात होतो.

गुडघ्यापर्यंत गमबूट, जाड हातमोजे. विटांचा किंवा लाकडांचा ढीग हातानं उचलायचा नाही, आधी लांब दांड्याच्या दाताळ्यानं ओढायचा. पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काठीनं आपटा. सकाळी ऊन चढल्यावर कामाला लागा आणि तिन्हीसांजेच्या आधी थांबा.

साप दिसलाच तर मारू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि मारायला गेलेल्यालाच चावल्याची उदाहरणं फार. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, नाहीतर तुमच्या भागातल्या सर्पमित्राचा नंबर आधीच फोनमध्ये घालून ठेवा.

आणि चावलाच तर : दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, चालवायचं नाही, १०८ ला फोन करून थेट सीपीआर रुग्णालयात. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेलं शिराळा जवळ असल्यामुळं आपल्याकडं मंत्र आणि जडीबुटीवाले पुष्कळ भेटतात. त्यांच्याकडं घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही. विषावर औषध एकच, प्रतिविषाचं इंजेक्शन.

रानभाजी

निसर्गवाट, मनापासून धन्यवाद. त्यात एक भर घालते. काम सुरू करायच्या आधी सगळ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते बघा. गंजलेले खिळे आणि काचा हमखास लागतात. आणि झाडीतनं आल्यावर कपडे लगेच धुवायला, अंघोळ गरम पाण्यानं. झुडपातल्या बारीक किड्यांपासून स्क्रब टायफस होतो. काम केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना झाडीत काम केल्याचं आवर्जून सांगा, नाहीतर नुसतं व्हायरल म्हणून सोडून देतात.

काँग्रेस गवत उपटताना बाह्या लांब आणि तोंडाला रुमाल. काहींना त्याच्या परागांनी दमा उठतो, अंगावर पुरळ तर पुष्कळांना येतं.

आजोळ_शिरोळ

गवतीचहाताई, काँग्रेसबद्दल थोडं लिहितो, आमच्या बांधावर आम्ही वर्षानुवर्षं त्याच्याशी झगडतोय.

१९५५ च्या सुमारास पुण्यात हे गवत पहिल्यांदा नोंदवलं गेलं आणि तिथनं देशभर झालं. एकेका झाडाला हजारोंनी बी येतं, त्यामुळं फुलावर आल्यावर उपटलं तर आपणच ते झाडून पसरवतो. पांढरी फुलं यायच्या आधी, जमीन ओली असताना, मुळासकट. फुलाआधीचं गवत खतात घालायला चांगलं. फुलावर आलेलं मात्र प्लास्टिकच्या पोत्यात भरून, तोंड बांधून उन्हात कुजवा. पावसाळ्यात त्याच्या पानांवर करड्या रंगाचे, काळ्या रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगेरे. १९८४ मध्ये याच कामासाठी बाहेरनं आणून बंगळूरला पहिल्यांदा सोडले होते. ते दुसरं काही फारसं खात नाहीत, फक्त काँग्रेसची पानं चाळणी करून टाकतात.

घाणेरी वरनं तोडली की दुप्पट फुटते. तिचं खोड आणि मूळ जिथं मिळतं ती गाठ जमिनीत तीन-चार बोटं खाली असते. कुदळीनं माती सारून त्या गाठीच्या खाली मूळ तोडायचं आणि निघालेला ठोंब मुळं वर करून उन्हात ठेवायचा. परत फुटत नाही. शेळ्या सोडायचा विचार असेल तर आधी घाणेरी काढा, ती जनावरांना विषारी आहे.

सुबाभळीचं तसंच. शेंगा वाळून फुटायच्या आत तोड. बुंधा ठेवलात तर चार फुटवे येतात. बोटाएवढी रोपं वळवाच्या पावसानंतर हातानं निघतात, त्यासाठी आत्ता कंबर मोडून घेऊ नका.

वळीव

थोडं वेगळं मत मांडतो. आम्ही पाचगावच्या वरच्या अंगाला प्लॉट घेतला तेव्हा जेसीबीच लावला, आणि तो निर्णय योग्यच होता असं अजून वाटतं. सगळ्यांकडं शेतात राबलेले सासरे नसतात. नोकरी, लहान मुलं, त्यात घरकर्ज आणि भाडं दोन्ही चालू. रान जितकं लांबवाल तितके दिवस साप आणि डास शेजारी. शेजाऱ्यांचाही विचार व्हायला हवा.

गवतीचहा

वळीव, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. मोकळा माळ असेल, बांधकाम काढायचंच असेल, खाली काही नाही याची खात्री असेल तर मशीन लावण्यात काही वावगं नाही. आमचं म्हणणं जुन्या, राहत्या घराच्या परड्याबद्दल आहे. तिथं पाच-दहा फुटांवर घराचा पाया असतो आणि मधे आधीच्या माणसांनी आयुष्यभर लावलेलं, पुरलेलं, बांधलेलं काहीतरी असतं. ते आधी बघितल्याशिवाय त्यावरनं चाक फिरवू नये एवढंच.

शेजाऱ्यांसाठी आम्ही एक केलं. घराभोवतीचा दोन हात पट्टा झाल्यावर लगेच चारी कडेनंही तसाच साफ केला. मधलं रान उभं राहिलं तरी कुणाच्या भिंतीला टेकून राहत नाही.

आणि टाकी सापडली! आजींनी सांगितलेल्या जागेच्या हातभर अलीकडं. सासरे पहार घेऊन पावलापावलावर ठोकत गेले. भरीव जमिनीवर पहार ठप्प वाजते आणि हाताला झटका बसतो. एका जागी आवाज घुमला आणि पहार हलकी लागली. तिथनं पुढं हातानं माती सारली तर शहाबादी फरशी, तिचा एक कोपरा तुटून आत गेलेला आणि त्या भोकावर घाणेरीच्या फांद्या. वरनं बघितलं असतं तर नुसतं झुडूप. आता चारी बाजूंनी खुंट्या मारून दोरी बांधली आहे, वर पत्रा आणि त्यावर दगड ठेवलेत.

कुंभारगल्ली

बापरे. ताई, झाकण उघडून आत वाकून बघू नका, काडी किंवा दिवा तर अजिबात नको. जुन्या टाकीत साठलेला वायू घात करतो. उपशासाठी सक्शन गाडीच बोलवा. कुणी म्हणालं की माणूस उतरवतो, स्वस्तात होईल, तर सरळ नाही म्हणा. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आपल्या परड्यासाठी कुणाचा जीव जाऊ नये.

सिटीसर्व्हे

कडेचा पट्टा साफ केलात हे वाचून लिहितो. कुंपणाची जुनी झाडं काढण्याआधी प्रॉपर्टी कार्डावरचा नकाशा आणि जागेवरची हद्द जुळते का बघा. शंका असेल तर भूमी अभिलेखाकडं मोजणीचा अर्ज करा. कित्येक ठिकाणी जुनं मेंदीचं किंवा शेराचं कुंपण हीच दोन्ही घरांनी मान्य केलेली हद्द असते. ते साफ झाल्यावर शेजाऱ्यांशी वाद सुरू होतात, मग खूण दाखवायला काहीच उरत नाही. काढायचंच असेल तर आधी फोटो घ्या, शेजाऱ्यांना समोर उभं करा.

मोठ्या झाडांचंही तेच. शहरात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. आपल्या जागेतलं झाड असलं तरी तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडांना जास्तच संरक्षण आहे. उद्यान विभागात चौकशी करूनच करवत लावा.

पेठेतला

एवढा त्रास कशाला? तणनाशक मारा की. आठ दिवसांत सगळं वाळून कोळ.

आजोळ_शिरोळ

पेठेतला, भावा, शेतात आम्ही वापरतो म्हणूनच सांगतो, घराजवळ नको. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली आहे. आणि दुकानात पॅराक्वाट कुणी हातात दिलं तर घरी आणूच नका. ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. घरात लहान मूल आणि शेडमध्ये तसली बाटली, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

शिवाय फवारणीनं सगळं वाळलं तरी उभंच राहतं, ते तोडायला कोयता लागतोच. चाफा, अडुळसा, शेजारच्या आजींची तुळस जाईल ते वेगळं.

आता लव्हाळा. ताई, तो खुरप्यानं काढायचा नाद सोडा. खुरप्यानं पात तुटते, गाठ खालीच राहते. एक रोप सावकाश पहारीनं उकरून बघा : पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळी, तिला काळी गाठ, तिथनं पुढं परत दोरा आणि परत गाठ, अशी माळच निघते. एक गाठ राहिली की नवीन माळ. म्हणून चैत्र-वैशाखात माती कोरडी ठणठणीत झाली की टिकावानं वीत-दीड वीत खोल ढेकळं उलथायची आणि तशीच उन्हात पडू द्यायची. गाठी वाळल्या की मरतात. ढेकळं फोडायची नाहीत, पाणी घालायचं नाही, एकदा परत उलथायची. प्लास्टिक अंथरायचा सल्ला पुष्कळजण देतील. इतर तणाच्या बियांना तो चालतो, पण लव्हाळ्याचं टोक प्लास्टिक भोसकून वर येतं.

उद्यमनगरी

हत्याराबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. बोथट कोयत्यानं माणूस दमतो आणि जखमही बोथट हत्यारानंच होते, कारण ते घसरतं. लोहाराकडनं एकदा कोयता, विळा, कुऱ्हाड शेवटून (तापवून, ठोकून धार काढून) घ्या आणि मधे मधे कानशीनं धार लावत जा. दांडा सैल असेल तर पाचर मारून पाण्यात भिजत ठेवा. ब्रश कटर भाड्यानं घेणार असाल तर तार आणि खापऱ्या वेचल्यानंतरच, आणि डोळ्याला चष्मा लावून. पात्याला लागून उडालेला खडा लांब उभ्या माणसालाही लागतो.

भिंतीतल्या पिंपळाचं : नुसता छाटत बसलात तर मूळ आत जाड होत जातं आणि भिंत फुगते. गवंडी घरी आलाच आहे तर मुळाभोवतीचे तेवढे दगड सुटे करून घ्या, मूळ जितकं आत जातं तितकं ओढून काढा आणि मग सांधे भरून परत रचा. मातीत रचलेली भिंत असेल तर सोपं जातं. पावसाळ्याआधी उरका.

गवतीचहा

उद्यमनगरी, हे नेमकं हवं होतं. गवंड्यांना उद्याच दाखवते.

आजोळ_शिरोळ, मागं लव्हाळ्याचा पट्टा आखून ठेवला आहे, चैत्रापर्यंत त्याला हात लावणार नाही. कचऱ्याचं सांगा ना कुणीतरी. सुबाभळीच्या फांद्याच एवढ्या आहेत की फाटक दिसत नाही. पेटवून द्या म्हणणारे पुष्कळ भेटतात.

रानभाजी

पेटवू नका. २०१६ मध्ये हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली आहे. साध्या जाळण्यालाही ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणात असेल तर २५,०००. त्याहीपेक्षा त्या ढिगात काय काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. जुन्या परड्यात कण्हेर असतेच, आणि तिचा धूरही विषारी.

अंगठ्याहून जाड ते जळणाला. मागून नेणारे मिळतात, शेजारी विचारा. बारीक फांद्या आणि पाला कोयत्यानं तोडून एका कोपऱ्यात खड्ड्यात थरानं भरा. एक थर पाला, वर शेणकाला, वर माती. आपल्याकडं गोठ्यांना तोटा नाही, म्हशीचं शेण पाटीभर कुणीही देतं. लव्हाळ्याच्या गाठी, हरळीची मुळं आणि बी आलेलं काँग्रेस तेवढं त्यात घालू नका.

वेलांना हात लावताना सांभाळून. थंडीत तपकिरी, मखमली लव असलेल्या वाकड्या शेंगा दिसल्या तर ती खाजकुइली. तिच्यावर आधी पाणी मारा, लव ओली झाली की उडत नाही, मग शेंगा कापून पोत्यात घाला. अंगाला लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा. आणि कडुनिंबावर हृदयाच्या आकाराच्या पानांचा, खोडाला पातळ पापुद्रा सुटणारा वेल असेल तर ती गुळवेल, ती राहू द्या.

एक विनंती. काही भाग या पावसाळ्यापुरता न खणता ठेवाल का? जुन्या परड्यात सोनटक्का, भुईचाफा, हळद, निशिगंध यांचे कंद जमिनीत झोपलेले असतात. उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही. पहिल्या पावसानंतर आपोआप कळतं कुठं काय आहे ते.

गवतीचहा

रानभाजी, गुळवेल आहे! आणि धुण्याच्या दगडाजवळचा भाग तुमच्या सांगण्यावरनं तसाच ठेवते. तिथं मातीत सुकलेली लांबट पानं दिसतायत, हळदच असावी.

अडुळसा सापडला, सोनचाफाही आहे. गारवेलीनं पूर्ण गुंडाळला होता. वेल खाली ओढून काढली नाही, बुडात कापली आणि झाडावरच वाळू दिली. ओढली असती तर चाफ्याच्या फांद्या मोडल्या असत्या. शेजारच्या आजी रोज येऊन बघून जातात. त्यांच्या लग्नानंतर लावलेला आहे म्हणे, मूळ मालकीणबाईंनी आणि त्यांनी मिळून.

आता पुढचा प्रश्न. मोकळी झालेली जमीन पावसाळ्यात उघडी ठेवली तर परत काँग्रेस येणार. बागेचा आराखडा घर झाल्याशिवाय ठरत नाही. तोपर्यंत काय करावं?

आजोळ_शिरोळ

ताग. मृगाचा पाऊस लागला की फोका, गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो बी. दाट उगवतो, खाली तणाला ऊन मिळत नाही. दीड महिन्यानं फुलकळीवर आला की कापून तिथंच मातीत गाडा. तुमची वीतभर काळी माती आहे तिला त्याचा फार उपयोग होईल. पेरायच्या आधी पाणी कुठं वाहतं ते बघून घराकडनं रस्त्याकडं एक चर काढून ठेवा, म्हणजे पहिल्या जोराच्या पावसात माती शेजाऱ्याच्या दारात जाणार नाही. राहिलेल्या जागेवर उसाचं पाचट अंथरा, आमच्याकडनं गाडीभर देतो, तोडणी चालू आहे तोवर कळवा.

बावड्याचा_गडी

टेम्पो माझा. पाचट कधी आणायचं तेवढं सांगा.

गवतीचहा

दोघांचे खूप आभार. येत्या रविवारी मागचा कोपरा मोकळा होतोय, त्याच्या पुढच्या शनिवारी आणूया. व्यक्तिगत निरोप करते. ट्रॉलीला फाटक अरुंद पडेल, टेम्पो येईल.

वळीव

मीही येतो शनिवारी. कोयता घेऊन येऊ का दाताळं?

गवतीचहा

दाताळं आणा, आमच्याकडं एकच आहे. आणि गमबूट घालून या.